साठ जीबीची टाकी

नाना राउटरला कान लावायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. भिंतीवरच्या त्या दोन शिंगांच्या डबीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे, मान तिरपी करून कान टेकवायचा आणि जरा वेळानं सांगायचं, "वाहतंय." नाहीतर, "धार बारीक हाय आज." गंमत म्हणजे दहातल्या सात वेळा ते बरोबर असायचे. उरलेल्या तीन वेळाही आपण चुकलो असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. माझ्या मोबाईलवर बोट आपटून ते म्हणायचे, "ह्येच खोटं दाखवायलंय."

जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी ईट या गावी बदली झाली आणि नानांच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली. नाना म्हणजे गावचे वॉलमन. ग्रामपंचायतीच्या नळाचे वॉल सोडणं आणि बंद करणं हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की कुठल्या गल्लीला पाणी येणार हे बायकांना त्यांच्या वळणावरून कळायचं. आमच्या भागात नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी. त्यामुळे सरपंच कोण आहे यापेक्षा वॉलमन कसा आहे याला गावात जास्त किंमत. नाना कसे आहेत हे विचारलं तर सगळे एकच सांगायचे, की ह्या माणसानं स्वतःच्या गल्लीलाही कधी पाच मिनिटं जास्त सोडली नाहीत. मालनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे कौतुकानं सांगत नसत. "सगळ्या गावाचं हंडं भरलं, माझाच रांजण कायम चार बोटं रिता," असं त्या मला दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या.

नाना निवृत्त झाले, चावी ग्रामपंचायतीत जमा झाली आणि दोन वर्षं ते नुसते ओट्यावर बसून होते. मग घरात इंटरनेट आलं. त्यांची एकुलती मुलगी रेखा आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होती, जावईही तिकडेच. आईला रोज बघता यावं म्हणून तिनं एक मोठा टॅब धाडला. त्यात सिमकार्ड बसत नव्हतं, तो चालायचा फक्त वायफायवर. म्हणून गावातल्या दत्तानं, म्हणजे केबल आणि इंटरनेटची जोडणी देणाऱ्या पोरानं, खांबावरून वायर ओढून आणली. दत्ता समजावून सांगत होता, "नाना, महिन्याला साठ जीबी. साठ संपलं की स्पीड एकदम उतरतो. मग व्हिडिओ चालत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. एक तारखेला पुन्हा साठ." नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मंजी साठची टाकी हाय म्हन की. मग तसं सांग ना."

त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून लाल ऑइलपेंटचा डबा काढला आणि राउटरशेजारच्या भिंतीवर, गुडघ्यापासून वर, पट्टी रंगवली. पाण्याच्या टाकीवर असते तशी, आडव्या खुणांची. एका वितीला वीस जीबी. तीन विती झाल्या की साठ, तिथं जाड रेघ. खालच्या अर्ध्या वितीला त्यांनी आडव्यातिडव्या रेघा मारल्या. ते काय, असं विचारल्यावर म्हणाले, "मृतसाठा. ह्याला हात लावायचा न्हाय. रेखाचा कधी अवचित फोन आला तर?" मला हसू आलं होतं. पण धरणाच्या बातम्या वाचत मोठा झालेला मी माणूस, त्या दहा जीबींना हात लावायची माझीही कधी छाती झाली नाही.

इंटरनेटमध्ये माझीही भागीदारी होती, कारण माझ्या मोबाईलची रेंज त्या घरात शिरतच नसे. त्या भागीदारीबरोबर एक काम गळ्यात पडलं. सकाळी चहा झाला की मी मोबाईलवर अ‍ॅप उघडून काल किती गेलं ते वाचायचं, आणि नानांनी पेन्सिलनं भिंतीवर तेवढं खाली येऊन रेघ मारायची. मग चौकशी. "काल साडेतीन गेलं. तिचं बोलणं झालं अर्धा तास. बाकीचं कुठं गेलं, गुर्जी?" मी म्हणायचो, शाळेचं काम होतं. "काल रविवार हुता," नाना शांतपणे म्हणायचे. मी जुन्या क्रिकेटच्या मॅच बघायचो. निकाल ठाऊक असलेल्या मॅच माणूस का बघतो, हे मला त्यांना कधी पटवता आलं नाही. शेवटी त्यांनीच त्याचा वर्ग ठरवून टाकला. इंटरनेट तीन प्रकारचं. फॉर्म भरणं, निकाल बघणं, दवाखान्याचे कागद मागवणं हे पिण्याचं. रेखाचं बोलणं हे वापरायचं. "आन् तुमची मॅच मंजी म्हशी धुयाचं पाणी," ते म्हणाले. "मिळंल. पण समद्यात शेवटी."

पिण्याच्याला मात्र त्यांनी कुणालाच कधी नाही म्हटलं नाही. समोरच्या हमीदाचाची शिवणकाम करायच्या. त्यांच्या नातीचा कॉलेजचा फॉर्म आमच्याच ओट्यावर भरला गेला. गिरणीवाल्या बाळूला त्याच्या वडिलांचे रिपोर्ट पुण्याला पाठवायचे होते, तेही इथूनच गेले. नाना दाराशी उभे राहून विचारायचे, "झालं? गेलं? पोचलं का बघा." आणि पोचल्याचं कळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

एकदा कुणी घरात नसताना दोन जीबी गेले. नानांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "गळती हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी ती पाइपलाइनची गळती शोधावी तशीच शोधली. टॅब बंद केला, तासभर थांबले, मला आकडा वाचायला लावला. मग टॅब चालू आणि माझा मोबाईल बंद. मग तिसरं काही. संध्याकाळपर्यंत चोर सापडला. माझा लॅपटॉप खोलीत पडल्या पडल्या आपलं आपण काहीतरी उतरवून घेत होता. नानांनी गल्लीभर जाहीर केलं की गळती भाडेकरूकडं निघाली. पुढं महिनाभर बाळू मला रस्त्यात विचारायचा, "गुर्जी, वायसर बदललं का?"

अशा हसण्याखिदळण्यात वर्ष गेलं. मग एका सकाळी टॅबवर बोलताना काकू एकदम पदराचा बोळा तोंडाला लावून रडायला लागल्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी रेखाला दिवस गेले होते, चौथा महिना होता. आनंदाचीच गोष्ट. पण दोन दिवसांतच त्या आनंदाला एक काटा फुटला. पहिलं बाळंतपण माहेरात करायचं, ही आपल्याकडची रीत. रेखाला तेवढी सुट्टी मिळणार नव्हती आणि प्रवास करू नका असं डॉक्टरनं बजावलं होतं. काकूंचे गुडघे त्यांना अंगणातून ओट्यावर चढू देत नव्हते, त्या विमानात कुठून चढणार?  माळ्यावरचा लाकडी पाळणा खाली काढायला काकूंनी मला लावला, तो पुसला आणि जुन्या लुगड्यानं झाकून ठेवला.

तोडगा नानांनीच काढला. बारसं टॅबवर करायचं. तिकडं बाळ, इकडं पाळणा. आपल्याकडं बारशाला वरवंट्याला कुंची घालून, काजळ लावून पाळण्यात घालतात, तसा इथं वरवंटा घालायचा. गल्लीतल्या बायका इथं पाळणा म्हणतील, तो तिकडं बाळाच्या कानावर पडला पाहिजे. बाळाच्या अंघोळीपासून ओटी भरण्यापर्यंत दिवसभर टॅब चालू राहिला पाहिजे, मधे तुटता कामा नये. "त्याला लई लागंल," नाना भिंतीकडं बघत म्हणाले. "आजपासून साठवाय लागंल."

आणि त्यांनी साठवायला सुरुवात केली. माझ्या म्हशी धुणं बंद झालं, त्याचं काही नाही. पण रेखाचं आणि काकूंचं रोजचं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांनी दहा मिनिटांवर आणलं. काकू तयार झाल्या, कारण बारसं त्यांनाच हवं होतं. तिकडं पोरगी सांगत असायची की पाय सुजलेत, अमुक खावंसं वाटत नाही, बाळ लाथा मारतंय. आणि इकडं काकूंचा एक डोळा घड्याळावर. नवव्या मिनिटाला त्या म्हणायच्या, "बरं, ठेवते बाई, उद्या सांग." रेखा अर्ध्या वाक्यात थांबायची. मी शाळेची तयारी करत शेजारच्या खोलीतून हे रोज ऐकत होतो.

महिना संपला तेव्हा भिंतीवर वीसेक जीबी उरलेले होते. एक तारखेला नानांनी नवे साठ त्यांच्या वर चढवले. लाल पट्टी संपली होती, म्हणून ती वितीभर वर वाढवली. पुढच्या एक तारखेला आणखी वितीभर. पट्टी खिडकीच्या वर गेली. तिसऱ्या महिन्यात स्टूल लागलं. आधी मला वाटलं, नाना हौसेनं रेघा मारतात, बसल्या माणसाला विरंगुळा. ते खरोखर तो साठा धरून चाललेत हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. एकदा दत्ता चौकात भेटला तेव्हा मी सहज विचारलं, की उरलेला डेटा पुढच्या महिन्यात येतो ना रे? दत्ता हसला. "कुठला येतोय, सर? एक तारखेला सगळं पुसून कोरं. न वापरलेलं गेलं पाण्यात."

मी सांगायचं ठरवूनच घरी आलो. दारात पाऊल टाकलं तर नाना स्टुलावर उभे, हातात ब्रश, आणि काकू दोन्ही हातांनी स्टूल धरून वर बघत होत्या. "आजून येक वीत चढू द्या," त्या म्हणत होत्या, "म्हंजी बाळाची अंघूळ पन दिसंल." त्यांचा तो वर केलेला चेहरा पाहिला आणि मी चपला काढून आत गेलो. म्हटलं, उद्या सांगू. उद्या काही आला नाही. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहिताना आजही लाज वाटते. साठा वाढतोय म्हणून नानांनी त्याच आठवड्यात माझा मॅचचा अर्धा तास मला परत दिला होता. मी तो घेतला आणि गप्प बसलो. असे दोन महिने गेले.

बाळ झालं, मुलगा. बारा तारखेला सकाळी बातमी आली आणि नानांनी गल्लीत साखर वाटली. मग त्यांनी एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. वॉल पूर्ण उघडला. "घड्याळ बगू नको आता," ते काकूंना म्हणाले आणि दरवाज्याच्या चौकटीवर पोचलेल्या पेन्सिलीच्या रेघेकडं बोट केलं. "साठा हाय." काकू सकाळ-दुपार-संध्याकाळ टॅबसमोर. बाळ झोपलंय तरी बघायचं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, त्यांच्या नात्यातल्या यायच्या. मी रोज सकाळी आकडा खरा वाचत होतो. नाना तेवढी रेघ खाली आणत होते आणि तरी ती खिडकीच्या बरीच वर होती. मला मात्र अ‍ॅपमधला खरा आकडा दिसत होता. साठपैकी अठराला चव्वेचाळीस गेलेले. वीसला त्रेपन्न. बारसं तेवीसला होतं. आता तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडायचो, आणि काकू म्हणायच्या, "गुर्जी, जांभई दिली बगा त्यानं."

बावीसला दुपारी चित्र थांबलं. बाळाचं अर्धं तोंड पडद्यावर तसंच राहिलं आणि मधोमध ते गोल फिरायला लागलं. नानांनी उठून राउटरला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "वाटंत कुठंतरी अडकलंय. साठा तर हाय." मी म्हणालो, "लाइनचा बिघाड असेल नाना, मी दत्ताला विचारून येतो," आणि चपला घालून सटकलो. दत्तानं हात वर केले. मोठा प्लॅन घ्यायचा तर तो एक तारखेपासूनच लागू होणार, मधे जादा डेटा टाकायची सोयच त्या प्लॅनमध्ये नव्हती.

परत येताना घरी जायचा धीर झाला नाही. हमीदाचाची मशीनवर बसल्या होत्या, त्यांच्या पायरीवर मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. साठ्याचं, दत्ताचं, माझ्या दोन महिन्यांच्या गप्प बसण्याचंही. चाचींनी मशीन थांबवलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "मोबाईलवरून ते वायफाय देता येतंय ना? आमची नात देती तिच्या मैत्रिणीला." देता येतं, मी म्हणालो, पण रोजचा दीड जीबी, असा दिवसभर चालू ठेवला तर एक मोबाईल तास-दीड तासात संपेल. "मग येकच मोबाईल कशाला?" चाची म्हणाल्या. "पाळी लावा. नानांनी आमाला इतकी वर्सं पाळी दिली. येक दिवस आमी दिऊ."

घरी मी लाइन दुरुस्त झाल्याचं सांगितलं. तेवीसला सकाळपासून गल्लीतल्या सात घरांनी मोबाईलला हात लावला नाही. बाळूनं गिरणीतलं गाणं बंद ठेवलं. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, काकूंनी ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं, वरवंट्याला कुंची आणि गालाला तीट लागली. टॅब कोनाड्यात, शेजारी मी. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरची रेंजही मिळावी आणि टॅबलाही जवळ पडावं म्हणून, पाळीवाल्यानं मोबाईल घेऊन बसायचं. आधी चाचींची नात. अकरा वाजता चित्र लागलं आणि बाळ अंघोळीच्या पाण्यात हातपाय झाडताना दिसलं. काकूंनी दोन्ही हात पुढं केले, जसं काही त्याला घ्यायलाच. बाराच्या सुमारास चित्र तुटलं. मी म्हणालो, "रेंज गेली, येतेय." नात उठली, बाळू बसला, चित्र आलं. असं पाच-सहा वेळा झालं. दर खेपेला कुणीतरी उठायचं, कुणीतरी बसायचं. दोघांनी वरून जादा डेटाही टाकून घेतला होता, ते मला नंतर कळलं.

दुपारी पाळणा म्हटला. इकडं काकू आणि चाची पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून वरवंटा खालून-वरून एकमेकींना देत होत्या. तिकडं रेखा आणि तिची एक मैत्रीण तसंच बाळाला देत होत्या. काकूंचा आवाज मुळात चिरका, पण त्या दिवशी तो कुठून कसा लागला कोण जाणे. त्या गायला लागल्या आणि पडद्यावरचं रडणारं बाळ गप्प झालं. कानात नाव सांगितलं गेलं, समीर. गल्लीतल्या बायकांनी ते इकडं आपापसात दोनदा म्हणून पाहिलं. नाना अख्खा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांची नजर टॅबवर कमी आणि खिडकीकडं जास्त होती, हे मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ लावायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मी सवयीनं मोबाईल काढला. "ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "कालचं हितलं न्हवतंच." मी मान खाली घातली. "दर तासाला धार तुटत हुती. बिघाडाची अशी तुटत न्हाय, गुर्जी. पाळी बदलली की तुटती. येका गल्लीचा वॉल बंद करून दुसऱ्या गल्लीचा सोडला की मधी अशीच खंडती. म्या आयुष्यभर त्येच केलंय." मग त्यांनी मला क्रमानं घरं विचारली. आधी कोण, मग कोण. मी सांगत गेलो, ते प्रत्येक नावाला मान हलवत गेले. शेवटी विचारलं, "भिंतीवरचं समदं खोटं हाय?" मी म्हणालो, "हो. उरलेलं पुढं येत नाही. एक तारखेला संपतं."

"टाकीतलं उरल्यालं पानी कोन वतून टाकील?" ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग, माझ्याकडं न बघता, "तुमाला कवापासून ठाव हुतं?"

"दोन महिने झाले."

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.  आत काकू रात्रीची भांडी लावत कालचाच पाळणा गुणगुणत होत्या. नाना हलक्या आवाजात म्हणाले, "पाच म्हैने म्या तिला पोटुशी लेकीसंगं धा मिन्टाच्या वर बोलू दिलं न्हाय. पोरगी सांगाय बगायची आन् ही ठेवते म्हनायची. त्यातलं तीन माझ्या अडानीपनाचं, गुर्जी. दोन तुमचं." एवढंच. वीस जीबी गेले, तीस गेले, याचं त्यांना काही नव्हतं. वापरता आलं असतं असं बोलणं वाया गेलं, ते आता कुठल्याच एक तारखेला भरून येणार नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तिला सांगू नका. काल लई गोड झालंय तिचं." काकूंना ते आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

एक तारखेला नानांनी जाड रेघेच्या वरची सगळी पट्टी चुन्यानं पुसली. साठच्या वर काही नाही. मृतसाठ्याच्या रेघाही पुसल्या. काकूंच्या बोलण्यावरचं घड्याळ गेलं ते कायमचं. आणि त्या महिन्यापासून त्यांनी नवीन पाळी सुरू केली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर जे काही उरलं असेल ते गल्लीला सोडायचं. पासवर्ड उघडा. ओट्यावर, पायरीवर, जोत्यावर माणसं मोबाईल घेऊन बसायची. कुणी लेकीशी बोलायचं, कुणी सिनेमा उतरवून घ्यायचं. नाना मधे उभे राहून म्हणायचे, "सांडायचंच हाय, तर कुनाच्या तरी घागरीत सांडू द्या." माझ्या मॅचलाही त्या दिवशी मुभा असायची. मला मात्र त्या ओट्यावर बसून मॅच बघणं कधी जमलं नाही.

दत्ता एकदा अमर्याद डेटाचा प्लॅन घेऊन आला. रेखाच भरणार होती. नानांनी तो परत पाठवला. "ज्या टाकीला तळ न्हाय तिच्यातलं कुनाला काय द्यायचं?" असं काहीतरी म्हणाले. दत्ताला ते कळलं नाही. मला थोडं कळलं.

पुढं माझी बदली परंड्याला झाली. निघताना नाना एस.टी.पर्यंत आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "गळती दिसली की लगी सांगत जावा, गुर्जी. मानूस रडंल, पर पानी वाचंल." त्यानंतर शाळेत असो, घरात असो, मला कुणाची वाईट बातमी कळली तर मी ती उद्यावर टाकत नाही. पालकांना, सोबतच्या शिक्षकांना, बायकोलाही सांगून टाकतो. दोनतीन माणसं त्यामुळे माझ्याशी बोलत नाहीत, त्याला इलाज नाही.

नाना गेले ते मी परंड्याला आल्यावर दुसऱ्या वर्षी, झोपेतच. दहाव्याला गेलो तेव्हा रेखा आलेली होती आणि समीर त्या लाल पट्टीला पाठ लावून उभा होता. जाड रेघेच्या वर त्याचं डोकं निघत होतं. काकू रेखाबरोबर जायला तयार झाल्या नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मागच्या महिन्यात, तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला काकूंचा फोन आला. टॅबवरून, व्हिडिओ. पडद्यावर आधी नुसतं कपाळ दिसलं, मग चष्मा, मग त्या.

"गुर्जी, आज म्हैनाअखेरची पाळी. गल्लीला सोडून झालं. चाचीनं घेतलं, बाळूनं घेतलं. तरी नऊ उरल्यात म्हनत्यात. तुमाला लागतंय का जरा?"

 परंड्यात आता माझ्या घरात हवं तेवढं इंटरनेट आहे, कुणी आकडा विचारत नाही.

"लागतंय काकू," मी म्हणालो. "सोडा."

"मग बसा निवांत," काकू म्हणाल्या. टॅब त्यांनी कोनाड्यात टेकवला, समोर पाट ओढून घेतला, आणि घड्याळाकडं एकदाही न बघता बोलायला लागल्या.